रस्ता जळत नाही : सॅन फ्रान्सिस्को १९०६ आणि एक जुना नकाशा

लॅबमधल्या माझ्या पहिल्याच प्रेझेंटेशनमध्ये माझी फजिती झाली होती. त्यातूनच आजची पोस्ट निघाली आहे, म्हणून आधी ती सांगते.

विषय होता 'जमिनीचा प्रकार आणि इमारतींचं नुकसान'. पहिल्या स्लाईडवर मी १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोचा तो प्रसिद्ध फोटो लावला. जॉर्ज लॉरेन्स नावाच्या फोटोग्राफरने पतंगांची माळ सोडून, तिला भलामोठा कॅमेरा लटकवून, सुमारे २००० फुटांवरून काढलेला. खाली समुद्र, मधोमध मार्केट स्ट्रीटची तिरकी रेघ आणि दोन्ही बाजूंना मैलभर पसरलेले सांगाडे. स्लाईडला मी शीर्षक दिलं होतं, 'भूकंपाने उद्ध्वस्त झालेलं शहर'. सरांनी फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यातलं भूकंपाने पडलेलं नेमकं कुठलं, ते दाखव बरं."

मी लेझर पॉइंटर फिरवत राहिले. दाखवता आलं नाही.

कारण साधं होतं, पण मला ते माहीत नव्हतं. भूकंप झाला १८ एप्रिलला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी. हा फोटो २८ मेचा. मधल्या काळात शहर तीन दिवस जळत होतं. सुमारे पावणेपाच चौरस मैलांचा भाग जळून गेला. नष्ट झालेल्या इमारतींचा आकडा २८,१८८ असा दिला जातो, त्यातल्या बहुसंख्य लाकडी. यातल्या किती आधीच आडव्या झाल्या होत्या, किती कलल्या होत्या आणि किती धडधाकट उभ्या असताना जळाल्या, हे त्या आकड्यात कुठेच वेगळं केलेलं नाही. पतंगावरून काढलेल्या फोटोत तर ते दिसणं शक्यच नाही. तो फोटो आगीचा आहे. भूकंपाचा पुरावा त्या राखेखाली गेलाय.

मग १९०६ चा 'भूकंप' बघायचा कुठे?

माझ्या क्षेत्रात यावर सगळेजण एकाच दिशेला बोट दाखवतात : लॉसन रिपोर्ट. भूकंपानंतर तीनच दिवसांनी, म्हणजे आग विझत होती तेव्हाच, कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने भूवैज्ञानिक अँड्र्यू लॉसन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. नेमली खरी, पण सरकारने पैसे दिले नाहीत. ते दिले कार्नेगी इन्स्टिट्यूशन ऑफ वॉशिंग्टनने. १९०८ मध्ये पहिला खंड आणि नकाशांचं पुस्तक आलं, दुसरा खंड १९१० मध्ये. दुसऱ्या खंडात हॅरी फील्डिंग रीड यांनी भूकंप का होतो याचं ते प्रसिद्ध स्पष्टीकरण मांडलं : खडक हळूहळू ताणला जातो आणि एक दिवस तुटून झटक्यात जागेवर येतो. पाठ्यपुस्तकात आपण सगळेच ते शिकतो.

मला मात्र बोलायचंय पहिल्या खंडातल्या एका तुलनेने कमी मिरवलेल्या भागाबद्दल. हॅरी वूड यांनी केलेला सॅन फ्रान्सिस्को शहराचा हादऱ्याच्या तीव्रतेचा नकाशा. वूड तेव्हा बर्कलीच्या विद्यापीठात शिकवणारे, तिशीही न गाठलेले गृहस्थ होते. (१९३१ ची 'सुधारित मर्कॅली' तीव्रता मोजपट्टी माहीत असेल, तर तिच्या दोन कर्त्यांपैकी एक हेच वूड.) हा नकाशा आजही वापरात आहे. माझ्या कामातही आहे. आणि वर्षभर त्याच्याशी झटापट केल्यावर माझं मत असं झालंय की तो आपण समजतो त्यापेक्षा हुशार आहे, आणि आपण वापरतो तसा वापरायला मात्र धोकादायक आहे.

आधी हुशारी.

१९०६ मध्ये हादरा किती जोराचा होता हे सांगणारी यंत्रं शहरभर लावलेली नव्हती. मग वूड यांनी शहरालाच यंत्र केलं. पाच पायऱ्या ठरवल्या, ए पासून ई पर्यंत. सगळ्यात खाली ई : एखाददुसरं धुरांडं पडलेलं, गिलाव्याला तडे. डी : बहुतेक घरांची धुरांडी पडलेली, वीटकामाला भेगा. सी : वीटकाम वाईट फाटलेलं, क्वचित कोसळलेलं, लाकडी घरं कललेली. बी : इमारती सर्रास कोसळलेल्या, आणि त्याबरोबर रस्ते बाजूला सरकलेले, ट्रामचे रूळ वाकलेले, जमिनीवर लाटांसारखे उंचवटे. ए मध्ये खडकच फाटलेला.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा फक्त धुरांडी आणि भिंती दिसल्या. बी मधला रस्ता दिसला नाही. वूड यांनी रस्त्याला साक्षीदार केलं होतं, आणि जळलेल्या शहरात ही मोठी गोष्ट होती, कारण रस्ता जळत नाही. घर गेलं, धुरांडं गेलं, पण फरसबंदीला आलेली लाट, पायरीपासून सुटलेला फुटपाथ, सापासारखे वाकलेले रूळ आगीनंतरही तिथेच होते. मोजपट्टी घेऊन जायचं आणि मोजायचं.

डोर स्ट्रीटचे फोटो बघितलेत तर कळेल. छोटीशी गल्ली, आणि जमीन अशी वरखाली झालेली की कुणीतरी सतरंजी एका टोकाकडून ढकलावी. सातव्या आणि मिशन रस्त्यांच्या कोपऱ्यावर मोठी दगडी पोस्ट ऑफिसची इमारत होती. ती उभी राहिली, आतल्या कर्मचाऱ्यांनी ती आगीतूनही वाचवली, पण तिच्याभोवतीचा रस्ता खचला. व्हॅलेन्सिया स्ट्रीटवर अठराव्या आणि एकोणिसाव्या रस्त्यांच्या मध्ये चार मजली लाकडी हॉटेल होतं. ते पुढे झुकून खालीच बसलं, इतकं की वरचा मजला रस्त्याच्या पातळीला आला. त्याचा आगीआधी काढलेला फोटो आहे. नंतर आग तिथेही पोचली. तो फोटो नसता, तर हे हॉटेलही त्या २८,१८८ मधला एक आकडा झालं असतं.

या तिन्ही जागांमध्ये साम्य काय? तिन्ही ठिकाणी पूर्वी पाणी किंवा दलदल होती. ओढा, पाणथळ जमीन, खाडीचा काठ. सोन्याच्या शोधात लोकांची झुंबड उडाल्यावर शहर वाढलं तसं वाळू, माती, कचरा, जे मिळेल ते टाकून ते बुजवलं आणि वर रस्ते आखले. मुंबईकरांना 'भराव' या शब्दाचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

वूड यांचा निष्कर्ष असा की शहरातल्या नुकसानीचं मुख्य कारण पायाखालची जमीन होती. सॅन अँड्रियास भ्रंशाची चीर शहराच्या पश्चिमेला समुद्राखालून गेली होती. तिच्यापासून साधारण सारख्याच अंतरावरच्या दोन मोहल्ल्यांत एकीकडे धुरांडंही पडलं नाही आणि दुसरीकडे रस्ता दोन हात खचला, याचं उत्तर अंतरात मिळत नाही. आज आपण याला दोन वेगळी नावं देतो. मऊ, जाड थर खडकातून आलेला हादरा वाढवून वर पाठवतो, हे एक. आणि पाण्याने भरलेली सुटी वाळू हलवली की तिचे कण एकमेकांवरची पकड सोडतात आणि काही सेकंद ती दाट द्रवासारखी वागते, हे दुसरं. त्याला लिक्विफॅक्शन म्हणतात. चौपाटीवर ओल्या वाळूत उभं राहून पाय पटापट हलवले की आपण खाली रुततो, तसंच काहीसं. १९०८ च्या अहवालात हा शब्द नाही. वर्णन मात्र अचूक आहे.

आता भांडण.

पहिला मुद्दा तुम्हाला वरच्या परिच्छेदांतूनच सुचला असेल. रस्ता जळत नाही हे बरोबर, पण रस्ता सगळंच सांगतो का? रस्ता फक्त जमीन खचली, सरकली, फाटली तरच बोलतो. पक्क्या जमिनीवर जोरदार हादरा बसला, घराच्या भिंती फुटल्या, धुरांडी कोसळली, तरी रस्त्यावर साधा तडाही जाणार नाही. न जळलेल्या भागात ही अडचण नाही, तिथे धुरांडी मोजता येतात. जळलेल्या भागात धुरांड्यांचा पुरावा गेला आणि रस्त्यांचा उरला. म्हणजे शहराच्या दोन भागांत आपण दोन वेगळे साक्षीदार तपासतोय, आणि दुसऱ्या भागातला साक्षीदार एकाच प्रकारच्या नुकसानीबद्दल बोलू शकतो. नॉब हिलसारख्या पक्क्या पण जळलेल्या टेकडीवर रस्ता शांत होता. यावरून तिथे हादरा कमी होता असं म्हणायचं, की तिथला पुरावा जळाला असं म्हणायचं? माझ्या मते अशा जागी नकाशा हादरा कमी दाखवण्याकडे झुकतो, आणि भरावावर मात्र सगळा दोष ढळढळीत दिसतो. त्यामुळे भराव आणि खडक यांच्यातला फरक होता त्याहून जास्त ठसठशीत दिसायची शक्यता आहे. फरक नव्हता असं मी म्हणत नाहीये. किती होता, एवढाच प्रश्न आहे. पण माझी अर्धी पीएचडी त्या 'किती' वर उभी आहे!

यात वूड यांचा दोष मला थोडाच दिसतो. ते पायी फिरले, जे उरलं होतं ते पाहिलं. दोष आमचा आहे. आम्ही तो नकाशा स्कॅन करतो, जीआयएसमध्ये घालतो, सीमारेषांवर माऊस फिरवून चौकटी काढतो, आणि प्रत्येक चौकटीला एक अक्षर देतो. त्या क्षणी शंभर धुरांडी मोजून दिलेलं 'डी' आणि राखेच्या ढिगात उभं राहून दिलेलं 'डी' एकाच किमतीचे होतात. पुढे त्यावर आलेख, सरासरी, सगळं यथासांग. पेपर छापूनही येतो.

दुसरा मुद्दा जरा नाजूक आहे. इमारत पडली म्हणजे जमीन जोरात हलली, हे गणित इमारत कशाची आहे यावरही अवलंबून असतं. आपल्याकडे १९९३ मध्ये किल्लारीला काय झालं ते आठवा. ६.२ चा भूकंप, पण मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी माणसं मारली. सॅन फ्रान्सिस्कोत नवी सिटी हॉल इमारत बांधायला सत्तावीस वर्षं लागली होती, आणि तिच्या बांधकामातल्या पैशांच्या भानगडी शहराला तोंडपाठ होत्या. ती भूकंपातच ढासळली. घुमट तेवढा पोलादी सांगाड्यावर, पिंजऱ्यासारखा, उभा राहिला. आता तिथे नोंद कशाची करायची, जमिनीची की कंत्राटदाराची? वूड यांच्या पायऱ्यांत 'विशेष भक्कम नसलेली' इमारत धरायची असा भाव आहे, पण कच्चं-पक्कं ठरवायचं कसं, ते पाहणाऱ्यावर सोडलंय.

मग हा नकाशा टाकून द्यायचा का? नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. १९७० च्या सुमारास रॉजर बोर्चर्ट यांनी नेवाडातल्या भूमिगत अणुचाचण्यांचे धक्के सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात वेगवेगळ्या जमिनींवर मोजले. धक्का दुरून येणारा, सगळ्यांसाठी एकच. खडकावर किती हललं, खाडीच्या चिखलावर किती, हे थेट यंत्राने मोजलेलं. त्यात ना धुरांडं, ना कंत्राटदार, ना आग. चिखलावर हालचाल कितीतरी पटींनी वाढलेली निघाली. नंतर ही मोजमापं १९०६ च्या तीव्रतेशी ताडून पाहिली तर मेळ बसला. म्हणजे सुमारे साठ वर्षांनी, पूर्णपणे वेगळ्या वाटेने येऊन कुणीतरी वूड यांच्या मुख्य म्हणण्याला दुजोरा दिला. तपशिलात माझं भांडण राहतंच, पण मूळ गोष्ट टिकली.

तिसरी तक्रार मी कुठल्याच पेपरमध्ये लिहू शकणार नाही, म्हणून इथे लिहिते. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला सहाव्या रस्त्यावर स्वस्तातली लॉजिंग हाऊसेस होती. कामगार, नुकतेच आलेले परदेशी, एकटे राहणारे लोक. त्यातली काही एकमेकांवर कोसळली, ब्रन्सविक हाऊस त्यातलंच. जमीन भरावाची. माणसं आत अडकली आणि त्यांना बाहेर काढायच्या आधी आग आली. लष्कराच्या अहवालात शहरातले मृत ४९८ दिले आहेत. ग्लॅडिस हॅन्सन या शहराच्या ग्रंथपाल बाईंनी अनेक वर्षं नावं गोळा करून हा आकडा ३००० च्या वर जातो असं मांडलं. लॉसन रिपोर्टच्या पायऱ्यांत धुरांड्यांची गणती आहे, गिलाव्याचीसुद्धा आहे. माणसांचा रकाना नाही. भूवैज्ञानिकांचा अहवाल, त्यांना काय करायचंय, असं म्हणता येईल. मीही म्हणायचे. पण जमीन बुजवून त्यावर सगळ्यात स्वस्त खोल्या बांधल्या जातात आणि तिथे सगळ्यात गरीब माणसं झोपतात, हीसुद्धा नुकसानीच्या कारणांमधली गोष्ट आहे. ती नकाशावर असती तर बी चा अर्थ वेगळा लागला असता.

आणि मग नंतरचं. अहवाल आला, त्याचं शहराने काय केलं?

बहुतेकांना भूकंप हा शब्दच नको होता. विमा आगीचा होता. त्यातही बऱ्याच पॉलिसींत अट होती की इमारत आगीशिवाय दुसऱ्या कारणाने पडली तर विमा तिथेच संपला. म्हणजे मालकाला 'माझं घर जळेपर्यंत उभं होतं' हे म्हणणं भाग होतं. दुसरीकडे जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांच्या संघटनेने ठरावच केला की या संकटाला 'मोठी आग' म्हणायचं. आग कुठल्याही शहराला लागू शकते, पैसा पुन्हा येतो. जमीनच हलते म्हटल्यावर कोण पैसे लावणार? स्टॅनफर्डचे भूवैज्ञानिक ब्रॅनर यांनी काही वर्षांनी लिहून ठेवलंय की माहिती गोळा करू नका, निदान छापू तरी नका, असे सल्ले तेव्हा दिले जात होते. नव्या बांधकाम नियमांतही भूकंप उघडपणे आला नाही. दर चौरस फुटाला ३० पौंड असा वाऱ्याचा दाब धरा, एवढंच आलं. बाजूने येणारा जोर तोच, नाव वाऱ्याचं. पुढे तोही कमी केला.

रस्तेही साधारण होते तसेच आखले गेले. डॅनियल बर्नहॅम यांनी शहरासाठी केलेला भव्य आराखडा आधीच्याच वर्षी सादर झाला होता, पण ज्याला त्याला आपली जागा आणि आपलं दुकान ताबडतोब हवं होतं. त्यांना नावं ठेवायची माझी तयारी नाही. सव्वादोन लाख लोक बेघर होते.

फक्त एका ठिकाणी धडा नीट वाचला गेला, तो पाण्याच्या पाइपांत. आग विझली नाही कारण शहरातल्या तलावांत पाणी असूनही रस्त्याखालचे नळ तुटले होते, आणि ते मुख्यतः भरावातच तुटले होते. व्हॅलेन्सियाच्या त्या हॉटेलसमोरच मोठे नळ फुटले आणि वरचा एक तलाव तिथून रिकामा झाला. (चर्च स्ट्रीट आणि विसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा एक हायड्रंट मात्र चालू राहिला, त्याने आग अडवली. दर १८ एप्रिलला लोक त्याला सोनेरी रंग देतात.) १९१३ पर्यंत शहराने फक्त आगीसाठी वेगळी, जास्त दाबाची पाण्याची व्यवस्था उभी केली. तिच्या नकाशावर 'कच्चे भाग' आखलेले आहेत आणि तिथले पाइप झडपांनी बंद करून उरलेली व्यवस्था चालू ठेवता येते. जमीन कुठे खचते हे जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांनी विसरायचं ठरवलं तेव्हा आग विझवणाऱ्यांनी ते पाइपावर लिहून ठेवलं.

त्याच काळात, १९१२ मध्ये, १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी शहराच्या उत्तर काठावर खाडीच्या तळाची वाळू पाण्याबरोबर उपसून पाणथळ जागा बुजवली जात होती. प्रदर्शन संपल्यावर तिथे घरं झाली. आजचा मरीना भाग. वूड यांच्या नकाशात ही जमीन असणं शक्य नव्हतं, तिचा मोठा भाग तेव्हा पाणीच होता.

१७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटं. लोमा प्रिएता भूकंप, ६.९ चा, केंद्र शहरापासून जवळजवळ शंभर किलोमीटरवर. मरीनात वाळू पाण्यासह जमिनीतून वर उसळली, रस्ते फाटले, तळमजल्यावर गॅरेज असलेल्या कोपऱ्यावरच्या इमारती खालचा मजला चेपून बसल्या. आग लागली. तिथले नेहमीचे नळ तुटलेले. आणि आगीसाठीची ती खास व्यवस्था? तिचा पाइप फुटला सातव्या रस्त्यावर, मिशन आणि हॉवर्डच्या मध्ये, म्हणजे जिथे १९०६ मध्ये पोस्ट ऑफिसभोवतीचा रस्ता खचला होता तिथेच. टाकी रिकामी झाली. शेवटी 'फीनिक्स' नावाची अग्निशामक बोट काठाला लागली आणि खाडीचं पाणी पंपाने पुरवून आग आटोक्यात आणली.

हे वाचलं तेव्हा मी माझ्या एक्सेल शीटमध्ये एक रकाना वाढवला. प्रत्येक चौकटीपुढे आता अक्षराच्या शेजारी लिहिलेलं असतं : घरं पाहून, की रस्ता पाहून, की नुसतं शेजारच्या चौकटीवरून. जळलेल्या भागासाठी त्याच दिवशी सकाळी काढलेले फोटो शोधतेय. हे फोटो काही तासांच्या फटीतले असतात, हादऱ्यानंतरचे आणि धुराच्या आधीचे. मागे धुराचा लोट किती जवळ आलाय त्यावरून वेळेचा अंदाज लावायचा. काम कंटाळवाणं आहे आणि मजेचंही. पहिल्या स्लाईडवरचा पतंगाचा फोटो काढून टाकलाय. तिथे आता व्हॅलेन्सिया स्ट्रीटचं ते बसलेलं हॉटेल आहे, आणि सरांनी यावेळी विचारलंय की ते हादऱ्याने कोसळलं की खालची जमीन सरकल्याने, हे रस्त्याच्या रुळांवरून सांगता येईल का. रूळ फोटोच्या डाव्या कोपऱ्यात आहेत. मोजायला सुरुवात केली आहे.